व्होल्ट, हर्ट्झ आणि ताईचा मिक्सर

"अगं, अडॅप्टर लावला की सगळं चालतं!"

हे वाक्य माझं आहे. इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या, मशिन्स विषयात बऱ्यापैकी मार्क पाडलेल्या मुलीचं. मावसबहिणीची बॅग भरताना मी हे मोठ्या तोऱ्यात म्हणाले. ताई एम.एस.साठी अमेरिकेत बफेलोला निघाली होती. मावशीने तिच्यासाठी ७५० वॅटचा, तीन भांड्यांचा नवा मिक्सर घेतला होता. बॅगेला २३ किलोची मर्यादा, काटा २६ वर. मग ब्लँकेट बाहेर, दोन जाड पुस्तकं बाहेर, मावशीने केलेल्या चकल्या निम्म्या बाहेर, पण मिक्सर आत. कारण मी सांगितलं होतं की चालतो. अडॅप्टरही मीच आणून दिला, कोपऱ्यावरच्या दुकानातून.

तीन आठवड्यांनी रात्री अकराला ताईचा फोन आला. तिकडे दुपारचा दीड. रविवार असल्याने चार रूममेट्सनी मिळून इडलीचा बेत केला होता, रात्रभर डाळ-तांदूळ भिजवले होते. "अगं, हा फिरतोय, पण आजोबा सकाळी फिरायला जातात तसा फिरतोय," ताई म्हणाली. रिकामं भांडं कसंबसं फिरलं. भिजलेली उडीद डाळ घातल्यावर पातं दोन गिरक्या मारून अडकलं आणि मिक्सर बंद पडला. मी फोनवरून सल्ला दिला, "खाली लाल बटण असतं बघ, ओव्हरलोडचं. ते दाब आणि परत लाव." तिने दाबलं. परत अडकलं. मी म्हटलं, परत दाब. चौथ्या वेळी वास आला. वाइंडिंगचं वार्निश जळल्याचा तो वास आपल्या वर्कशॉपमध्ये ज्यांनी एकदा घेतलाय त्यांना वर्णन करून सांगायला नको.

ताई चिडली असती तर बरं झालं असतं. ती जरा वेळ गप्प बसली आणि एवढंच म्हणाली, "तू इलेक्ट्रिकलला आहेस ना गं?"

त्या रात्री मी जर्नलच्या मागच्या पानावर जो हिशोब केला तो खरं तर बॅग भरायच्या आधी करायचा होता. आपल्या होस्टेलमधून दरवर्षी बरेच जण बाहेर जातात, स्टाफपैकी अनेकांची मुलं तिकडे आहेत. म्हणून तो हिशोब इथे देते. नंतर ताईला विचारून विचारून जी माहिती जमवली तीही देते. त्यात गणित कमी आणि स्वयंपाक जास्त आहे.

मुळात अडॅप्टर काय करतो? फक्त पिनांचा आकार बदलतो. आपल्या गोल पिना एका बाजूने आत घेतो आणि दुसऱ्या बाजूला तिकडच्या चपट्या पिना देतो. व्होल्टेजला तो हातही लावत नाही. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. अमेरिकेत आणि कॅनडात १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. हे आकडे मला तोंडपाठ होते. व्हायवात कुणी विचारले असते तर झोपेतही सांगितले असते. बॅग भरताना मात्र ते आठवले नाहीत. तो माझा दोष, व्हायवाचा नाही.

आता घरातल्या विजेच्या वस्तूंच्या ढोबळ तीन जाती करा.

पहिली जात तापणाऱ्या वस्तूंची. इस्त्री, किटली, टोस्टर, इमर्शन रॉड. यांच्यात एक रेझिस्टन्स असतो आणि पॉवर म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स. इथे वर्ग आहे, म्हणूनच घोळ होतो. आपली १००० वॅटची इस्त्री घ्या. तिचा रेझिस्टन्स साधारण ५३ ओहम. तिला १२० व्होल्ट दिले तर मिळतात २७२ वॅट. व्होल्टेज निम्मं झालं की उष्णता निम्मी होईल असं वाटतं, प्रत्यक्षात पाव हिस्सा उरते. इस्त्री बिघडणार नाही, पण शर्ट फक्त कोमट होईल. उलट दिशेने हेच गणित भयंकर आहे. तिकडची १२० व्होल्टची वस्तू आपल्या प्लगमध्ये लावली तर पॉवर सुमारे ३.६७ पट. ती वस्तू तुमच्याकडे तक्रार करायला शिल्लक राहत नाही.

दुसरी जात फिरणाऱ्या वस्तूंची, आणि त्यात पुन्हा दोन पोटजाती. मिक्सरमध्ये युनिव्हर्सल मोटर असते. अंधारात मिक्सर लावला तर खालच्या फटींतून निळसर ठिणग्या दिसतात, त्या तिच्या ब्रशच्या. ही मोटर एसीवर चालते, डीसीवर चालते, त्यामुळे ५० की ६० हर्ट्झ याचं तिला फारसं सोयरसुतक नाही. पण व्होल्टेजचं आहे. सुरुवातीचा टॉर्क ढोबळमानाने करंटच्या वर्गावर जातो, म्हणजे इथेही पाव हिस्सा. रिकामं भांडं फिरवायला तेवढा पुरतो, घट्ट उडीद डाळीला नाही. पातं अडकलं की बॅक ईएमएफ शून्य, करंट वाढतो आणि वाइंडिंग तापतं. मोटरला गार ठेवणारा पंखा असतो तो त्याच शाफ्टवर, म्हणजे मोटर थांबली की वारंही थांबलं. अशा वेळी लाल बटण उडतं ते मोटरवर दया म्हणून. ते पुन्हा पुन्हा दाबायला लावणारी मी, म्हणजे बेशुद्ध माणसाला थोबाडीत मारून उठवण्यासारखंच झालं.

दुसरी पोटजात इंडक्शन मोटरची. वेट ग्राइंडर, टेबल फॅन, फ्रिजचा कॉम्प्रेसर, बऱ्याच वॉशिंग मशीन्स. हिचा वेग फ्रिक्वेन्सीला बांधलेला. १२० गुणिले फ्रिक्वेन्सी भागिले पोल, हे सूत्र. (यातल्या १२०चा आणि अमेरिकेच्या १२० व्होल्टचा काही संबंध नाही. हसू नका, आमच्या बॅचमध्ये एकाने तसं लिहिलं होतं.) चार पोलची मोटर ५० हर्ट्झवर १५०० फेऱ्यांच्या आसपास फिरते, ६० वर १८०० च्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे व्होल्टेज भागिले फ्रिक्वेन्सी हे गुणोत्तर, कारण लोखंडातला फ्लक्स त्यावर ठरतो. आपल्याकडे ते ४.६, अमेरिकेत २. फ्लक्स निम्म्याहून कमी. ताईच्या तेलुगू रूममेटने घरून छोटा वेट ग्राइंडर नेला होता. तो तर फिरलाच नाही, नुसता गुणगुणत बसला. तिला निदान माझ्यासारखी बहीण नव्हती, तिने लगेच बंद केला, म्हणून तो अजून जिवंत आहे आणि कपाटात आहे.

तिसरी जात शहाण्यांची. हे वाचता वाचता तुमच्या मोबाइलचा किंवा लॅपटॉपचा चार्जर उलटा करून बघा. बारीक अक्षरात ‘इनपुट १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असं काहीतरी दिसेल. हा आधी येईल त्या एसीचं डीसी करतो, मग स्वतःच ते खूप जास्त फ्रिक्वेन्सीवर तोडतो आणि हवं तेवढं व्होल्टेज बनवतो. त्यामुळे त्याला देश कुठला याची पर्वा नाही. माझं ‘अडॅप्टर लावला की चालतं’ हे वाक्य या तिसऱ्या जातीपुरतं खरं होतं. लॅपटॉप चालतो म्हणून मिक्सरही चालेल, अशी माझी उडी होती.

तेव्हा बॅगेत टाकण्याआधी प्रत्येक वस्तूची नेमप्लेट वाचा. १००-२४० लिहिलं असेल तर खुशाल न्या. नुसतं २३० किंवा २२०-२४० असेल तर जायचा देश कुठला ते बघा. हे काम दोन मिनिटांचं आहे आणि त्याला डिग्री लागत नाही. मावशीलाही आता येतं.

आता एखादा म्हणेल, ट्रान्सफॉर्मर का नाही लावला? लावता येतो. १२० चे २३० करणारे स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर मिळतात. पण ७५० वॅटच्या मोटरला सुरू होताना जास्त करंट लागतो, म्हणून दुप्पट क्षमतेचा, १५०० व्हीएचा घ्या असं सांगतात. तो मिक्सरहून जड, ओट्यावर मिक्सरएवढीच जागा खातो आणि तेवढ्या पैशांत तिकडे चालणारा मिक्सर घेण्याचा विचार करता येतो. रोज चटणी वाटायला कोण तो उचलत बसणार? तिकडे मिळणारे लहान, स्वस्त, हलके ‘कन्व्हर्टर’ तर नीट वाचल्याशिवाय घेऊच नका. त्यातले बरेचसे उलट दिशेचे असतात, म्हणजे अमेरिकन माणसाने युरोपात हेअर ड्रायर वापरावा म्हणून केलेले. शिवाय त्यांतून साइन वेव्ह नाही, कापलेली वेव्ह मिळते. तापणाऱ्या वस्तूंना ती चालते, मोटर आणि इलेक्ट्रॉनिक्सला मानवत नाही.

आणि एक जुगाड आपल्या मेसमध्ये चर्चेत आला होता, त्याबद्दल लिहिलंच पाहिजे. अमेरिकन घरात खरं तर २४० व्होल्ट येतात. दोन लाइव्ह वायर्स आणि मधे न्यूट्रल. एका लाइव्हपासून न्यूट्रलपर्यंत १२०, दोन लाइव्हमध्ये २४०. मोठी शेगडी आणि कपडे वाळवायचं मशीन त्या २४० वर चालतं. मग त्याच सॉकेटला आपला मिक्सर? कागदावर चालेल. पण त्या सर्किटचा ब्रेकर ३० अँपिअर, कधी ५० अँपिअरचा. आपल्या मिक्सरची बारीक केबल जळून कोळसा होईल, तरी ब्रेकर हलणार नाही. भाड्याच्या लाकडी घरात हा प्रयोग करू नये. त्या घरांच्या भिंतीही लाकडाच्या सांगाड्याच्या असतात हे ताईने आवर्जून सांगितलंय.

मिक्सरचा एवढा हट्ट कशाला, तिकडे ब्लेंडर मिळतो की, असं आमचे एक सर म्हणाले. सरांनी बहुधा ओल्या खोबऱ्याची चटणी स्वतः वाटलेली नाही. तिकडचा साधा ब्लेंडर पातळ पदार्थांसाठी असतो. उंच भांडं, खाली छोटं पातं, आणि भरपूर द्रव असला तरच सगळं खाली ओढलं जातं. दाण्याचं कूट, सुकं वाटण, घट्ट पीठ त्यात वर चिकटून बसतं आणि खाली पातं हवेत फिरतं. याच अडचणीतून आपला मिक्सर जन्माला आला. सीमेन्समध्ये इंजिनिअर असलेल्या सत्यप्रकाश माथुर यांच्या पत्नी माधुरी यांचा जर्मन मिक्सर भारतीय वाटणापुढे बंद पडला. त्यांनी नवऱ्याला म्हटलं, तुम्ही इंजिनिअर ना, मग बनवून दाखवा. त्यातून १९६३ मध्ये ‘सुमीत’ आला. आमच्या आजीच्या घरी मिक्सरला अजून सुमीतच म्हणतात, कंपनी कुठलीही असो. म्हणजे एका इंजिनिअरला घरातून ऐकून घ्यावं लागलं आणि त्याने मशीन बनवलं. मलाही ऐकून घ्यावं लागलं, मी निदान लेख लिहितेय.

यावर सोपा उपाय आहे. भारतीय कंपन्याच ११० व्होल्टचे मिक्सर खास अमेरिका-कॅनडासाठी बनवतात, ते तिकडच्या भारतीय दुकानांत मिळतात. ताईने शेवटी चौघींत वर्गणी काढून तसाच एक घेतला. स्वस्त पडत नाही. पण चौघींत एक मिक्सर पुरतो, आणि इडलीचा रविवार परत सुरू झाला.

हे सगळं रामायण अमेरिका आणि कॅनडाचं. इंग्लंड, जर्मनी, ऑस्ट्रेलिया, दुबई, सिंगापूर इथे जाणाऱ्यांनी घाबरू नये. तिथे २३० च्या आसपास व्होल्टेज आणि ५० हर्ट्झच आहे, आपला मिक्सर ऐटीत चालतो, बदलते फक्त पिन. तीही धड सारखी नाही. इंग्लंड, दुबई आणि सिंगापूरला तीन चौकोनी पिनांचा जाडजूड प्लग, जर्मनीत दोन गोल पिना आणि बाजूला अर्थिंगच्या पट्ट्या, ऑस्ट्रेलियात तिरक्या चपट्या. इथे एकच गोष्ट बघा. ज्या वस्तूचं अंग धातूचं आहे आणि जिला तीन पिना आहेत, तिला अर्थिंग पुढे नेणाराच अडॅप्टर हवा. आपल्या प्लगची वरची जाड पिन शोभेची नसते. दोन पिनांचा स्वस्त अडॅप्टर लावून इस्त्री केली आणि आतला इन्सुलेशन फाटलेला असला, तर अर्थिंगचं काम तुमचं शरीर करेल.

इंग्लंडच्या प्लगमध्ये छोटा फ्यूज असतो, बहुतेक ३ किंवा १३ अँपिअरचा. आपण नेलेल्या लहान वस्तूला प्लग बदलून घेतला तर फ्यूजही तिच्या मानाने घालावा. आणि तिथली किटली ३००० वॅटची मिळते. एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळायला ३३५ किलोज्यूल लागतात. इंग्लंडमध्ये दोन मिनिटांच्या आत काम होतं. अमेरिकेत किटली १५०० वॅटच्या वर सहसा नसते, कारण तिथलं साधं सर्किट १५ अँपिअरचं, गुणिले १२०, म्हणजे सगळं मिळून १८०० वॅट. तिथे पावणेचार मिनिटं. चहाचं वेड एका देशात राहिलं आणि दुसऱ्यात नाही, याचं कारण व्होल्टेज आहे असं मी म्हणत नाही, पण संशय येतो.

जपानची गंमत वेगळीच. तिथे १०० व्होल्ट, आणि एकाच देशात दोन फ्रिक्वेन्सी. १८९० च्या दशकात टोकियोने जर्मनीहून ५० हर्ट्झची जनरेटर्स आणली, ओसाकाने अमेरिकेहून ६० हर्ट्झची, आणि ती भांडणं आजतागायत मिटलेली नाहीत. २०११ च्या भूकंपानंतर पूर्वेला वीज कमी पडली तेव्हा पश्चिमेची वीज तिकडे नेताना फ्रिक्वेन्सी बदलणारी केंद्रं पुरी पडेनात. जपानला जाणाऱ्याने नेमप्लेटवर ५०/६० दोन्ही आहे का ते बघून वस्तू घ्यावी. म्हणजे टोकियोहून ओसाकाला बदली झाली तर ती फेकावी लागणार नाही.

आता न्यायचं काय? माझ्या मते विजेवर न चालणारं सगळं. पहिला नंबर कुकरचा. साधा, शिट्टीचा, तीन लिटरचा. त्याला व्होल्टेज नाही, हर्ट्झ नाही, आणि आत कपडे भरले की बॅगेत जागाही वाया जात नाही. सोबत जादा गॅस्केट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह न्या, त्यांच्यासाठी तिकडे वणवण होते. घेताना एवढंच बघा की बूड सपाट आहे. अमेरिकेत बहुतेक भाड्याच्या घरांत विजेची शेगडी असते, कॉइलची किंवा काचेची, आणि गोल बुडाची कढई तिच्यावर डुलत राहते. दुसरं म्हणजे कॉइल बंद केली तरी बराच वेळ तापलेली राहते. ताईने पहिल्यांदा तीन शिट्ट्यांनंतर बटण बंद केलं आणि कुकरने आणखी दोन दिल्या. कुकर उचलून बाजूला ठेवायचा असतो.

शेगडी इंडक्शनची असेल, जी युरोपात बऱ्याच घरांत दिसते, तर ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापणार नाही. भांड्याच्या बुडाला फ्रिजवरचं लोहचुंबक लावून बघा. घट्ट चिकटलं तर चालेल. चांगल्या स्टीलच्या भांड्यालाही कधी कधी चिकटत नाही, तेव्हा ‘स्टील आहे ना’ एवढ्यावर भागवू नका. लोखंडी तवा मात्र बिनधास्त. घडीची पोळी तव्यावरच होते त्यामुळे तिचा प्रश्न नाही. फुलका आचेवर टाकता येत नाही, तर छोटी जाळी कॉइलवर ठेवून फुगवायचा.

तिकडे गेल्यावर पहिली कुठली वस्तू घ्यायची, यावर ताईचं एकच उत्तर: राइस कुकर. मला आधी तो आळशी माणसाचं यंत्र वाटायचा. मग तो कसा चालतो ते वाचलं आणि मत बदललं. १९५५ मध्ये तोशिबाने पहिला यशस्वी ऑटोमॅटिक राइस कुकर बाजारात आणला. आज मिळणाऱ्या साध्या कुकरमध्ये भांड्याच्या बुडाशी एक चुंबक आणि एक खास मिश्रणाचा तुकडा असतो. भांड्यात पाणी आहे तोवर तापमान १०० च्या वर जात नाही. पाणी भातात मुरलं की तापमान वर चढायला लागतं, आणि शंभराच्या थोडं पुढे त्या तुकड्याचं क्युरी तापमान येतं. तो चुंबकाला धरून ठेवणं सोडतो, स्प्रिंग खटका पाडते, भात तयार. मायक्रोकंट्रोलर नाही, टायमर नाही. फिजिक्सच्या पहिल्या सेमिस्टरला क्युरी तापमान मी निव्वळ पाठ केलं होतं. ते रोज संध्याकाळी कुणाचा तरी भात शिजवतं हे तेव्हा सांगितलं असतं तर!

राइस कुकरमध्ये खिचडी होते, वरच्या ताटलीत भाजी वाफवता येते, आणि लॅबमधून रात्री दहाला आल्यावर बटण दाबून अंघोळीला जाता येतं. ताई वस्तू घेताना हाच प्रश्न विचारते: मंगळवारी रात्री दहाला, दमलेली असताना, मी हे वापरीन का? या परीक्षेत राइस कुकर, किटली आणि छोटा मिक्सर पास झाले. सेलमध्ये घेतलेला सँडविच मेकर नापास, कारण तो धुवायला कंटाळा येतो. मायक्रोवेव्ह, फ्रिज, शेगडी अमेरिकेत भाड्याच्या घरात बहुतेक असतातच, आणि कपडे धुवायची मशीन्स इमारतीच्या तळघरात सामाईक. जर्मनीत उलट, कित्येक भाड्याच्या घरांत स्वयंपाकघर म्हणजे नुसत्या भिंती आणि नळ. म्हणून घर बघितल्याशिवाय काही घेऊ नये. मे महिन्यात पास होऊन जाणारे सीनियर्स अर्ध्या वस्तू फुकट देऊन जातात. त्या घ्याव्यात, फक्त केबल चिरलेली नाही ना आणि मागे ‘यूएल’सारखा सुरक्षिततेचा शिक्का आहे ना, ते बघून.

युनिव्हर्सिटीच्या होस्टेलात राहणाऱ्यांनी आधी नियम वाचावेत. अनेक ठिकाणी खोलीत राइस कुकरलाही बंदी असते. आपल्या रेक्टर मॅडमनी गेल्या महिन्यात जप्त केलेल्या सात इमर्शन रॉड्सचं दुःख ज्यांना आहे, त्यांनी तिकडे जाऊन सुटका होईल अशा भ्रमात राहू नये.

आणि शेवटी फोडणी. हे कुठल्याही नेमप्लेटवर लिहिलेलं नसतं. तिकडे घरात स्मोक अलार्म असतो, आणि तिखट-मोहरीच्या धुराने तो जोरजोरात ओरडतो. ताईच्या घरात शेगडीवर पंखा होता, पण तो हवा बाहेर टाकत नव्हता, जाळीतून गाळून परत खोलीतच सोडत होता. पहिल्या आमटीला अख्खी इमारत रिकामी झाली. नोव्हेंबरातल्या बफेलोत रात्री पाऊण तास सगळे बर्फात उभे, आणि ताईच्या हातात झारा. म्हणून घर बघताना पंख्याचा धूर कुठे जातो ते विचारायचं. खिडकी उघडून, तेल धुराच्या आधीच उतरवून, झाकण हाताशी ठेवून फोडणी करायची. अलार्मची बॅटरी काढून ठेवणारे महाभाग असतात. ताईच्या वर्गातल्या एकाने तसं केलं होतं, आणि महिनाभर परत बसवायलाच विसरला. त्या महिन्यात काही झालं नाही, हे नशीब.

ताई डिसेंबरात येतेय. आईने तिला एक कॉफी मेकर आणायला सांगितलाय, तिकडे सेलमध्ये फार स्वस्त आहे म्हणे. मी आधी नेमप्लेटचा फोटो मागवला. काल आला. १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, ९०० वॅट. आईला कागदावर मांडून दाखवलं की आपल्या प्लगमध्ये लावला तर तो पहिल्याच क्षणी ३३०० वॅट ओढेल. आई म्हणाली, "मग अडॅप्टर लाव ना."